टॅरोची दोन कार्डं एकत्र वाचताना

टॅरो म्हणजे प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी वाचायची चित्रांची कार्डं. त्यांच्या डेकमध्ये, म्हणजे संचात, ७८ कार्डं. त्यातली कुठलीही दोन काढली, तर ३,००३ वेगवेगळ्या जोड्या होऊ शकतात. कुठलं कार्ड आधी आणि कुठलं नंतर हेही धरलं, तर ६,००६. त्यात उलटी कार्डं, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेली, वेगळी मानत असाल, तर २४,०२४. हा हिशोब सुरुवातीलाच मांडायचं कारण म्हणजे ‘टॅरो कॉम्बिनेशन्स’ अशा नावाच्या लांबलचक पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात आणि नवे शिकणारे त्या पाठ करायला बसतात. दोनशे जोड्या पाठ होतात आणि टेबलावर दोनशे एकावी येते. त्याहून वाईट म्हणजे पाठ केलेली जोडी आली, की समोरच्याचा प्रश्न काय होता हे विसरून तोंडातून पीडीएफ बाहेर पडते.

जोडी वाचायची, तर आधी त्या दोन कार्डांचं आपसांतलं नातं ठरवावं लागतं. कोण पुढे आहे, कोण मागे, कोण कोणाला बळ देतंय, कोण कोणाचे पाय ओढतंय. हे कळलं की अर्थ फार शोधावा लागत नाही. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. पहिल्या कार्डाचा अर्थ सांगतात, दुसऱ्याचा सांगतात आणि मध्ये ‘आणि’ घालून मोकळे होतात. ते एकाच कार्डाचं रीडिंग दोनदा केल्यासारखं होतं.

पुढचं सगळं रायडर-वेट-स्मिथ डेक धरून आहे. १९०९ साली लंडनला निघालेला हा डेक. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आपल्याकडे शिकवणीत बहुधा हाच किंवा याच्यावर बेतलेला डेक असतो. जोडी वाचण्यासाठी तो सोयीचा आहे, कारण त्यात मायनर कार्डांवरही, म्हणजे वॉन्ड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार सूटच्या कार्डांवरही, माणसं, जागा, हालचाल आहे. मार्सेयसारख्या जुन्या डेकमध्ये सिक्स ऑफ कप्स म्हणजे नुसते सहा पेले. तिथे कोण कोणाकडे बघतंय हा प्रश्नच येत नाही.

आधी प्रश्न, मग दोघांच्या जागा

ठाणे-नवी मुंबईत येणारे प्रश्न बरेचसे ठरलेले असतात. जुनी सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय, सही करू का. ऐरोलीतली किंवा महाप्याची नोकरी सोडू का. घोडबंदर रोडला फ्लॅट बुक करू का. मुलीला आलेलं स्थळ कसं आहे. आणि सिडकोच्या घरांची सोडत जाहीर झाली, की नंबर लागेल का.

यातला शेवटचा प्रश्न दोन कार्डांसाठी निरुपयोगी आहे. ‘हो की नाही’ला जोडी काढली, की एक कार्ड हसरं आणि एक रडकं येतं, मग तिसरं काढायचा मोह होतो. प्रश्न फिरवून घ्या: ‘नंबर लागला तर हप्ते आणि सध्याचं घरभाडं एकत्र चालवताना मला कशाकडे लक्ष द्यावं लागेल?’ यावर कुठलीही जोडी बोलू शकते.

प्रश्न पक्का झाला की कार्ड काढायच्या आधी दोन जागांची नावं मोठ्याने सांगा. परिस्थिती आणि सल्ला. किंवा मी आणि समोरचा. किंवा वरवर दिसणारं आणि आत चाललेलं. ‘मूळ कारण आणि पुढची दिशा’ हीसुद्धा चांगली जोडी आहे, नोकरीच्या प्रश्नाला विशेष. कार्डं उलटल्यानंतर जागांची नावं ठरवली, तर मन आपोआप सोयीचं नाव निवडतं, म्हणून हे आधीच व्हायला हवं.

काही जण जागा न देता दोन्ही कार्डं मिळून एक उत्तर असं वाचतात. तेही चालतं, पण मग डावं कार्ड मुख्य आणि उजवं त्याला जोड देणारं, असा काहीतरी नियम स्वतःपुरता कायम ठेवा. रोज नियम बदलणाऱ्याच्या वहीतल्या नोंदी पुढे कशाशीच ताडून बघता येत नाहीत. सेल्टिक क्रॉस या दहा कार्डांच्या मांडणीतली पहिली दोन कार्डं हीसुद्धा जोडीच आहे. एक सरळ, दुसरं त्याच्यावर आडवं, म्हणजे विषय आणि त्याला छेदणारी गोष्ट. दहा कार्डांच्या गर्दीत ती दोनच नीट वाचली, तरी पुढच्या आठांना कुठे बसवायचं हे कळतं.

शफल नीट नसेल तर जोडी खोटी बोलते

टॅरोचं कार्ड साधारण ७ सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर लांब असतं. ते खेळायच्या पत्त्यांसारखं पिसता येत नाही, म्हणून बहुतेक जण डेक हातात धरून वरचे थोडे थोडे पत्ते दुसऱ्या हातात सोडत जातात. या पद्धतीत पत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे हलतात आणि गठ्ठ्याच्या आत शेजारी असलेली कार्डं शेजारीच राहतात. सकाळच्या रीडिंगमध्ये टेबलावर शेजारी मांडलेली दोन कार्डं गोळा करताना एकावर एक जातात आणि संध्याकाळी पुन्हा हातात हात घालून बाहेर येतात. क्लायंट म्हणतो, ‘अहो, परत तीच जोडी!’ आणि रीडरही त्याला संकेत समजून बसतो. एकट्या कार्डाच्या रीडिंगला याने फारसा फरक पडत नाही. जोडीला पडतो, कारण इथे कोण कोणाच्या शेजारी आलं यावरच सगळी भिस्त असते.

पत्ते दोन भागांत करून एकमेकांत गुंफणारी रिफल पद्धत जास्त चांगली मिसळते. ५२ पत्त्यांना ती सातेक वेळा पुरते, ७८ कार्डांना नऊ-दहा वेळा करावी लागेल. पण त्यात मोठ्या कार्डांना मध्ये बाक येतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सुती कापडावर सगळी कार्डं पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर गोल-गोल फिरवणं आणि मग गोळा करणं. मग पहिलं कार्ड वरून घ्या, उरलेला डेक कापा, आणि नंतर दुसरं घ्या. कापल्यामुळे डेकमधली शेजारीण पाठोपाठ येण्याची शक्यता जवळपास मोडते. एक लक्षात ठेवा, गोल फिरवल्यावर निम्मी कार्डं उलटी होणार. उलटी कार्डं वाचत नसाल, तर समोर आल्यावर ती सरळ करून घ्यायची, त्याचा बाऊ करायचा नाही.

कार्ड उलटायची पद्धतही ठरलेली हवी. वहीचं पान उलटतो तसं, बाजूने. खालची कड वर उचलून उलटलं, तर सरळ कार्ड उलटं होतं आणि उलटं सरळ. घाईत एक असं आणि एक तसं उलटलं गेलं, की अख्खी जोडी बिघडते. समोर बसलेल्याने डेक कापला असेल, तर तो परत घेताना फिरला का, तेही बघा.

पावसाळ्यात खाडीलगतच्या भागात, म्हणजे कोपरी, ऐरोली, वाशी, हवा इतकी दमट असते की चकचकीत लॅमिनेशनची नवी कार्डं एकमेकांना चिकटतात आणि एकाच्या जागी दोन येतात. डेक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि अधूनमधून ७८ मोजून घ्या. चिकटून आलेलं दुसरं कार्ड जोडीत धरायचं की परत आत ढकलायचं, हेही आधीच ठरवा. शफल करताना उडून पडणाऱ्या कार्डाचंही तेच.

उलटल्यावर पहिल्या दहा सेकंदांत काय बघायचं

आधी मेजर की मायनर. मेजर म्हणजे हर्मिट, टॉवर, सन अशी स्वतःचं नाव असलेली, चार सूटच्या बाहेरची कार्डं. जोडी काढली तर निम्म्याहून थोड्या जास्त वेळा दोन्ही मायनर येतात, पाचातल्या साधारण दोन वेळा एक मेजर आणि एक मायनर, आणि तेरा जोड्यांत सरासरी एकदा दोन्ही मेजर. दोन्ही मेजर आली म्हणून आवाज बदलायची गरज नाही, पण असा विषय आठवडाभरात निकाली निघणारा नसतो. मिश्र जोडीत मेजर विषय सांगतं आणि मायनर तो विषय रोजच्या आयुष्यात कुठे दिसतो ते सांगतं. हर्मिट आणि थ्री ऑफ पेंटॅकल्स घ्या. एकीकडे कंदील घेऊन एकटा उभा म्हातारा, दुसरीकडे चर्चच्या कमानीपाशी काम करणारा गवंडी आणि त्याच्याशी नकाशा घेऊन बोलणारे दोघे. विषय एकटेपणाचा, आणि तो जाणवतोय ऑफिसात, टीममध्ये बसलेलं असताना. हे वाक्य दोघांपैकी एकाही कार्डाच्या अर्थात सुटं सापडणार नाही.

मग तत्त्वं. वॉन्ड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. आपली पंचमहाभूतं पाच, इथे चार, आकाश नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाची संस्था होती. तिच्या लोकांनी कार्डांची ताकद तत्त्वांवरून मोजायची रीत बसवली आणि जोडीसाठी तिच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. नियम सोपे आहेत. एकच तत्त्व दोनदा आलं, तर दोन्ही कार्डं जोरात बोलतात, चांगलंही आणि वाईटही. अग्नी आणि वायू मित्र. जल आणि पृथ्वी मित्र. अग्नी आणि जल एकमेकांना मारतात, तसंच वायू आणि पृथ्वी. उरलेल्या दोन जोड्या, अग्नी-पृथ्वी आणि जल-वायू, बऱ्यापैकी निभावून नेतात. ‘मारतात’ म्हणजे अशुभ नव्हे. दोघांचा जोर कमी होतो, एवढंच. दोन भीतिदायक कार्डं एकमेकांना मारत असतील, तर ती चांगलीच बातमी आहे.

मेजर कार्डांपैकी बहुतेकांना तत्त्व राशीवरून किंवा ग्रहावरून मिळतं, तिघांना थेट. एम्परर मेष म्हणून अग्नी, डेथ वृश्चिक म्हणून जल, जस्टिस तूळ म्हणून वायू, डेव्हिल मकर म्हणून पृथ्वी. राशींची तत्त्वं आपल्याकडे पत्रिका बघणाऱ्याला पाठच असतात, त्यामुळे हा भाग मराठी माणसाला लवकर जमतो. फक्त क्लायंटच्या पत्रिकेतली रास इथे आणू नका. टॅरोतल्या राशी पाश्चात्त्य सायन पद्धतीच्या (ऋतूंवरून मोजलेल्या) आहेत आणि आपल्या पत्रिका निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या). दोन्ही मिसळल्या तर दोन्हीकडची माहिती फुकट जाते.

तत्त्वांमुळे रीडिंग कसं बदलतं, ते स्थळाच्या प्रश्नावर छान दिसतं. आईने मुलीसाठी विचारलंय. टू ऑफ कप्स आणि फोर ऑफ वॉन्ड्स आलं. एकात दोघं समोरासमोर उभे राहून पेले पुढे करतायत, दुसऱ्यात मांडवासारखे चार खांब, त्यांना बांधलेली फुलांची माळ आणि हात उंचावलेली माणसं. पीडीएफमध्ये या जोडीपुढे एकच शब्द असतो, ‘लग्न’. पण कप्स जल आणि वॉन्ड्स अग्नी. दोघांचा संवाद आणि कार्याचा उत्साह एकमेकांना कमी करतायत.

‘मॅडम, जमेल ना हो हे?’

‘काकू, दोघांचं एकमेकांशी पटतंय, ते या कार्डात स्वच्छ दिसतंय. पण हॉल, याद्या, मानपान यांची घाई सुरू झाली की त्यांचं बोलणं मागे पडेल. तारीख काढायच्या आधी दोघांना दोन-चारदा निवांत भेटू द्या.’

हे सांगायला धीर लागतो, कारण समोर दोन गोड चित्रं आहेत आणि समोरची बाई नुसतं ‘हो’ ऐकायला आलीय. तरी सांगावं. जोडी काढायचा उपयोग इथेच आहे. एकटं टू ऑफ कप्स आलं असतं, तर हे कळायला जागाच नव्हती.

आकड्यांवर फार वेळ घालवू नये. चारही सूटचे पाच हे ओढाताणीचे, म्हणून दोन पाच एकत्र आले तर कटकट एकाच ठिकाणची नाही. आकडा चढता असेल, म्हणजे थ्री नंतर फोर, तर गोष्ट पुढे सरकतेय. उतरता असेल तर कुठलातरी टप्पा पुन्हा करावा लागणार. यापलीकडे बेरजा-वजाबाक्या करत बसलात, तर चित्र बघायचं राहून जाईल.

चित्रं एकमेकांशी काय करतात

दोन्ही कार्डं चिकटवून ठेवा, मध्ये फट नको. आणि आधी नजर आणि चाल बघा. फूल (इंग्रजी Fool, कड्याच्या टोकाकडे निघालेला भाबडा प्रवासी) डावीकडे तोंड करून चालतो. डेथचा घोडा उजवीकडे जातो. नाइट म्हणजे घोडेस्वार योद्धे: नाइट ऑफ कप्स आणि नाइट ऑफ पेंटॅकल्स उजवीकडे तोंड करून, नाइट ऑफ वॉन्ड्स आणि नाइट ऑफ स्वोर्ड्स डावीकडे. क्वीन ऑफ स्वोर्ड्स उजवीकडे बघत बसलेली. हर्मिट डावीकडे वाकलेला. एवढं लक्षात असलं, तरी जोडीत कोण समोरासमोर आहे आणि कोणाची कोणाकडे पाठ आहे, हे लगेच दिसतं.

ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करावं का, या प्रश्नाला फूल आणि एट ऑफ पेंटॅकल्स आलं असं धरू. एट ऑफ पेंटॅकल्स म्हणजे बाकावर बसून मान खाली घालून एकामागून एक पेंटॅकल कोरणारा कारागीर. फूल डावीकडे असेल, तर त्याची पाठ कारागिराकडे आहे. हातातलं कसब मागे टाकून तो कड्याच्या टोकाकडे निघालाय. तोच फूल उजवीकडे असेल, तर तो कारागिराच्या दिशेने येतोय, म्हणजे नवखा माणूस शिकायला बाकावर बसायला निघालाय. कार्डं तीच, उत्तर जवळजवळ उलट. आणि दोन्ही वेळा फूल वायू आणि पेंटॅकल्स पृथ्वी, म्हणून जोर दोघांचाही कमी. पहिल्या मांडणीत उडी अर्धवट पडेल. दुसऱ्या मांडणीत शिकणं होईल, पण बैठक जमायला वेळ लागेल. नोकरी सोडा किंवा सोडू नका, असं कार्ड म्हणत नाही. तयारीत काय कच्चं आहे, ते दाखवतं.

व्हिडिओ कॉलवर रीडिंग देत असाल, तर पुढचा कॅमेरा स्वतःला आरशासारखं चित्र दाखवतो. डावं-उजवं ठरवताना स्क्रीनकडे न बघता टेबलाकडे बघा. फोटो पाठवला असेल, तर कार्डावरचा रोमन आकडा किंवा खालचं नाव उलटं दिसतंय का, ते तपासा.

नजरेनंतर सामाईक वस्तू. पामेला स्मिथ यांनी काही चिन्हं पुन्हा पुन्हा वापरलीत आणि ती जोडीत शेजारी आली की तिथूनच वाचायला सुरुवात करावी. फूलच्या हातात पांढरा गुलाब आहे, डेथच्या काळ्या निशाणावरही पांढरा गुलाब आहे. डेथच्या क्षितिजावर दोन मनोरे आहेत, मूनमध्येही वाट दोन मनोऱ्यांमधून जाते. हाय प्रीस्टेसच्या पायाशी चंद्रकोर आहे आणि पडद्यामागे पाणी, टू ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळे बांधलेल्या बाईच्या मागे समुद्र आणि वर चंद्रकोर. शेवटची जोडी आली, तर माहिती दडलेली आहे आणि विचारणाऱ्याला ती बघायचीही नाहीये. अशा वेळी सल्ला देण्याआधी ‘तुम्हाला काय कळलेलं आहे जे तुम्ही अजून कोणाला सांगितलं नाही?’ असं सरळ विचारावं. बऱ्याचदा प्रश्नच बदलतो.

आता रीडेव्हलपमेंट. प्रश्न: नौपाड्यातली जुनी इमारत, बिल्डरची ऑफर आलीय, संमती देताना मी काय बघू? जागा ठरल्या: डावं कार्ड विचारणाऱ्याची भूमिका, उजवं आजूबाजूला काय चाललंय ते. फोर ऑफ पेंटॅकल्स आणि टॉवर. टॉवर दिसलं की समोरचा घाबरतो, आणि इमारतीच्या प्रश्नाला इमारत कोसळतानाचं चित्र आलं तर रीडरही घाबरतो. थांबा. रीडेव्हलपमेंटमध्ये इमारत पडणारच आहे. तोच तर प्रस्ताव आहे.

चित्रं जवळून बघा. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस एक पेंटॅकल छातीशी कवटाळून बसलाय, एक मुकुटावर, दोन पायांखाली. त्याला उठताही येत नाही आणि हात मोकळे करून सहीही करता येत नाही. शहर त्याच्या पाठीमागे आहे, म्हणजे बाकीचे काय ठरवतायत ते त्याला दिसतच नाही. टॉवरमध्ये वीज पडून मनोऱ्याच्या माथ्यावरचा मुकुट उडालाय आणि दोन माणसं हात पसरून खाली येतायत. मुकुट दोन्हीकडे आहे, एकाने नाण्याखाली दाबून धरलेला, दुसऱ्यात उडून गेलेला. टॉवर मंगळाचं म्हणून अग्नी, पेंटॅकल्स पृथ्वी. ही निभावून नेणारी जोडी आहे, म्हणजे टॉवरचा धक्का फोर ऑफ पेंटॅकल्सला पुसून टाकत नाही. धरून ठेवण्यात काहीतरी अर्थ आहे, पण सगळंच धरून ठेवता येणार नाही.

मग पहिलं वाक्य असं होतं: ‘इमारतीचा निर्णय तुमच्याशिवायही पुढे सरकतोय, म्हणून “हो की नाही”वर अडून न बसता काय सोडायचं नाही ते ठरवा.’ त्यानंतर तपशील. चार पेंटॅकल्स आहेत, तर चार गोष्टी लिहून काढायला सांगा. कार्पेट एरिया, काम चालू असतानाचं भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), बँक गॅरंटी. त्यातली एक छातीशी धरलेली, म्हणजे तिच्यावर अजिबात तडजोड नाही. ती कुठली, हे विचारणाऱ्याने ठरवायचं. दोन पायांखालच्या, म्हणजे पाया. आणि डोक्यावरची एक म्हणजे नुसता मानाचा मुद्दा, ती सोडली तरी चालेल. करारनामा मात्र वकिलाकडूनच वाचून घ्यायला सांगा, ते काम कार्डांचं नाही.

हीच जोडी उलट क्रमाने आली तर? डावीकडे टॉवर, म्हणजे धक्का विचारणाऱ्यालाच बसलाय आणि उजवीकडे फोर ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे आजूबाजूची मंडळी हात आखडून बसलीत. आता अडवणारा क्लायंट नाही, शेजारी आहेत. त्याला सांगायचं ते वेगळं: घाई तुम्हाला आहे, सोसायटीला नाही, पुढच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यांची मनं वळतील असं गृहीत धरू नका.

दोन्ही कार्डं भांडत असतील तेव्हा

सन आणि टेन ऑफ स्वोर्ड्स. पांढऱ्या घोड्यावर हसरं मूल आणि पाठीत दहा तलवारी घुसलेला माणूस. अशा वेळी नवा रीडर मधला मार्ग काढतो, ‘थोडं चांगलं, थोडं वाईट’. यातून काहीच कळत नाही. विरोध तीन पद्धतीने सुटतो. काळाने, म्हणजे एक संपलेलं आणि एक येणारं. थराने, म्हणजे बाहेर एक आणि आत एक. किंवा माणसाने, म्हणजे एक तुमचं आणि एक समोरच्याचं. जागा आधी ठरवल्या असतील, तर कुठली पद्धत हे आपोआप ठरतं. ठरवल्या नसतील, तर क्लायंटला विचारा, ‘यातलं कुठलं चित्र आत्ता ओळखीचं वाटतं?’ तो बोट ठेवेल ते आजचं. टेन ऑफ स्वोर्ड्सच्या काळ्या आभाळाखाली क्षितिजावर पिवळी पट्टी आहे, तीही दाखवा. सन शेजारी असेल तर तीच पट्टी दोघांना जोडते.

दोन्ही कार्डं एकच गोष्ट सांगत असतील, उदाहरणार्थ फाइव्ह ऑफ कप्स आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स, तर दुःखाचा पाढा दोनदा वाचू नका. फरक शोधा. थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये माणूसच नाही, नुसतं हृदय आणि पाऊस. फाइव्ह ऑफ कप्समध्ये माणूस आहे, त्याच्यासमोर सांडलेले तीन पेले आहेत, आणि मागे दोन उभे आहेत. एक घाव, दुसरा घावाकडे बघत उभं राहणं. सल्ला दुसऱ्यात आहे.

उलटं कार्ड जोडीत एकच असेल, तर तिथे अडलंय असं धरा आणि सरळ असलेलं ते मोकळं करतंय की आणखी दाबतंय, हे तत्त्वावरून ठरवा. मित्र असेल तर मोकळं करतं. दोन्ही उलटी असतील, तर सर्वांत आधी डेक फिरला नव्हता ना ते तपासा, आणि खरोखर उलटी असतील तर उत्तरापेक्षा प्रश्नाची वेळ चुकलीय का, ते विचारा.

दोन कोर्ट कार्डं (पेज, नाइट, क्वीन, किंग) एकत्र येणं साधारण पंचवीस जोड्यांत एकदा. दोन माणसं म्हणून वाचायला हरकत नाही. क्वीन ऑफ स्वोर्ड्स डावीकडे आणि नाइट ऑफ स्वोर्ड्स उजवीकडे असेल, तर ती दोघं तलवारी उपसून समोरासमोर आहेत. जागा बदलल्या तर एकमेकांकडे पाठ. प्रश्नात मात्र एकच माणूस असेल, तर ही एकाच माणसाच्या दोन पद्धती समजा: विचार करून बोलणारी आणि बोलून झाल्यावर विचार करणारी.

क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशासाठी, तिसरं कार्ड काढायचंच असेल तर एकच, आणि तेही ‘या दोघांना काय जोडतं?’ असा स्पष्ट प्रश्न ठेवून, दोघांच्या मध्ये मांडून. आवडलं नाही म्हणून चौथं काढलं, की पहिल्या दोघांचं म्हणणं बुडालं. आजारपण, मूल होणं, कोर्टाचा निकाल यांवर जोडीवरून भाकीत करू नका. डेथ आणि फोर ऑफ स्वोर्ड्स शेजारी आली, तर थडग्यावर आडवा पडलेला योद्धा दिसतो आणि समोरच्याच्या घरी कोणीतरी ॲडमिट असतं. अशा वेळी तुमच्या एका वाक्याने त्याची रात्रीची झोप जाते. तिथे विश्रांती आणि बदल एवढंच बोलावं आणि डॉक्टरांकडे बोट दाखवावं.

सरावासाठी एकच कार्ड बाजूला काढून ठेवा, टॉवर किंवा टू ऑफ कप्स. डेक नीट मिसळून त्याच्या उजवीकडे एकेक करून दहा कार्डं ठेवत जा, प्रत्येक वेळी आधीचं उचलून. प्रत्येक जोडीला तत्त्व मित्र की शत्रू, नजर कुठे, सामाईक वस्तू कोणती हे तीन शब्दांत लिहा आणि खाली पंधरा-वीस शब्दांचं एकच वाक्य. वाक्यात ‘आणि’ आला तर खोडून पुन्हा लिहा. त्याजागी ‘म्हणून’, ‘तरी’, ‘पण’, ‘तोपर्यंत’ यांतलं काहीतरी बसवून बघा. मग तेच टॉवर उजवीकडे ठेवून, तीच दहा कार्डं डावीकडे घेऊन पुन्हा. वहीचं एक पान पहिल्या दहांना आणि समोरचं पान दुसऱ्या दहांना दिलंत, तर क्रम बदलल्याने वाक्य कुठे बदललं आणि कुठे तुम्ही आळसाने तेच परत लिहिलं, हे शेजारीशेजारी दिसतं.